चौथा अंक

१८९६ साली लायडेन विद्यापीठातील पीटर झेमानने सोडियमची ज्योत एका शक्तिमान विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये ठेवून तिचा वर्णपट पाहिला. सोडियमचा पिवळा प्रकाश म्हणजे ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीच्या, एकमेकींना अगदी खेटून असलेल्या दोन रेषा. चुंबक सुरू केला की त्या रुंदावत आणि बंद केला की पूर्ववत होत. हेंड्रिक लोरेन्ट्झने लगेच त्याचा अर्थ लावला. अणूच्या आत विद्युतभारित कण फिरत असतील, तर चुंबकीय क्षेत्रात त्यांच्या गतीची वारंवारता किंचित बदलेल आणि एका रेषेच्या तीन रेषा होतील. झेमानच्या मापनांवरून त्या कणाचा विद्युतभार आणि वस्तुमान यांचे गुणोत्तरही काढता आले. पुढच्याच वर्षी जे. जे. टॉमसनने शोधलेल्या इलेक्ट्रॉनशी ते जुळले. १९०२चे नोबेल पारितोषिक झेमान आणि लोरेन्ट्झ यांना विभागून मिळाले.

पण तीन रेषांचा हिशेब फार काळ टिकला नाही. डब्लिनमध्ये टॉमस प्रेस्टनने अधिक स्पष्ट वर्णपट घेतले, तेव्हा अनेक रेषांची चारचार, सहासहा शकले होताना दिसली. सोडियमच्याच जोडीतील एक रेषा चारांत आणि दुसरी सहांत फुटते. याला ‘विषम झेमान परिणाम’ म्हटले गेले आणि सोयीसाठी अपवादांच्या खात्यात टाकले गेले. प्रत्यक्षात तीन रेषांचे प्रकरणच विरळे होते, अपवाद मानलेला प्रकारच सर्रास आढळणारा होता. त्याहून मूलभूत प्रश्न तर चुंबकाशिवायच उभा होता. सोडियमच्या रेषा मुळात दोन का असाव्यात? या दोन प्रश्नांचे उत्तर एकच निघाले, पण ते मिळायला जवळपास तीस वर्षे गेली.

१९१३मध्ये नील्स बोरने हायड्रोजनच्या अणूतील इलेक्ट्रॉनला ठरावीक कक्षा नेमून दिल्या. म्युनिकच्या आर्नोल्ड सॉमरफेल्डने १९१५-१६मध्ये त्या चित्रात भर घातली. कक्षेचा आकार, तिचा लंबवर्तुळी घाट आणि बाह्य क्षेत्राशी होणारा तिचा कल या तिन्ही गोष्टी पूर्णांकांनी ठरतात, असे त्याने मांडले. अवकाशाला तीन मिती आहेत, म्हणून इलेक्ट्रॉनच्या गतीला तीन पुंजांक, हे गणित नेटके होते. विषम झेमान परिणाम मात्र त्यात बसत नव्हता. १९२१मध्ये आल्फ्रेड लांडेने तो बसवला, पण त्यासाठी पूर्णांक सोडून १/२, ३/२ असे अर्धे अंक वापरावे लागले. १९२३पर्यंत त्याने रेषांचे विभाजन अचूक सांगणारे सूत्रही बसवले. सूत्र सगळीकडे लागू पडत होते, पण ते का लागू पडते हे कोणालाच सांगता येत नव्हते. सर्वसाधारण समजूत अशी होती की अर्धा अंक अणूच्या गाभ्याचा, म्हणजे बाहेरचा इलेक्ट्रॉन वगळून उरलेल्या भरगच्च भागाचा असतो. गाभ्याला स्वतःचा कोनीय संवेग आहे, बाहेरचा इलेक्ट्रॉन त्याच्याशी जुळवून घेतो आणि त्यातून ऊर्जेच्या जोड्या तयार होतात, अशी ती कल्पना होती.

याच काळात फ्रँकफर्टमध्ये एक प्रयोग झाला. आज बहुतेक पाठ्यपुस्तके इलेक्ट्रॉनच्या स्पिनची, म्हणजे त्याच्या अंगभूत कोनीय संवेगाची, सुरुवात त्यापासून करतात. प्रयोग करणाऱ्यांच्या मनात मात्र स्पिन नव्हताच. ऑटो स्टर्नला सॉमरफेल्डच्या कलणाऱ्या कक्षांची परीक्षा घ्यायची होती. कक्षा खरोखरच ठरावीक कोनांतच कलत असतील, तर अणूंचे चुंबकीय परिबलही ठरावीक दिशांनीच रोखलेले असायला हवे. मग असमान चुंबकीय क्षेत्रातून अणूंचा झोत सोडला, तर तो पसरट न होता वेगळ्या भागांत फुटला पाहिजे. वाल्थर गेर्लाखच्या प्रयोगकौशल्याची जोड मिळाली आणि दोघांनी भट्टीत चांदी तापवून तिच्या वाफेचा केसाएवढा अरुंद झोत निर्वात नळीतून चुंबकाच्या ध्रुवांमधून नेला. पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत प्रयोगशाळांकडे पैसा नव्हता. माक्स बोर्नने सापेक्षतावादावर जाहीर व्याख्याने देऊन त्यांच्या तिकिटांचे उत्पन्न या प्रयोगाकडे वळवले. न्यूयॉर्कचा बँकर हेन्री गोल्डमन यानेही मदत पाठवली.

काचेच्या पट्टीवर जमणारी चांदी इतकी विरळ असे की ती डोळ्यांना दिसत नसे. स्टर्नने पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार, तो स्वस्तातले सिगार ओढत असे आणि त्यांच्या धुरातील गंधकामुळे चांदी काळवंडून तिचा ठसा हळूहळू उमटला. फेब्रुवारी १९२२मध्ये गेर्लाखला स्वच्छ निकाल मिळाला. झोत दोन भागांत फुटला होता. दोन ठशांमधले अंतर सुमारे ०.२ मिलिमीटर होते आणि मधे काहीच नव्हते. ८ फेब्रुवारीला त्याने त्या ठशाचे छायाचित्र पोस्टकार्डावर चिकटवून बोरला पाठवले आणि त्याच्या सिद्धांताला पुष्टी मिळाल्याबद्दल अभिनंदन केले.

या अभिनंदनात एक विलक्षण योगायोग दडलेला होता. जुन्या सिद्धांताप्रमाणे चांदीच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनच्या कक्षेला एक एकक कोनीय संवेग होता. त्याचे घटक अधिक एक, शून्य आणि उणे एक. त्यांतील शून्य बोरने वर्ज्य ठरवला होता. म्हणून झोताचे दोन भाग अपेक्षित होते आणि प्रत्येकाचे चुंबकीय परिबल एक बोर मॅग्नेटॉन (अणूंच्या चुंबकीय परिबलाचे एकक) यायला हवे होते. प्रयोगात दोन्ही गोष्टी तशाच आल्या. वास्तविक चांदीच्या ४७ इलेक्ट्रॉनांपैकी ४६ अशा जोड्यांनी बसतात की त्यांचा एकूण परिणाम शून्य होतो. उरलेला एक इलेक्ट्रॉन ५एस ऑर्बिटलमध्ये, म्हणजे कक्षेची जागा पुढे घेतलेल्या अवस्थेत, असतो आणि त्या ऑर्बिटलचा कोनीय संवेगही शून्यच असतो. म्हणजे कक्षेमुळे झोत फुटायलाच नको होता. फुटला तो केवळ स्पिनमुळे. स्पिनचा घटक अर्धा, पण त्याची चुंबकीय ताकद कक्षीय गतीच्या दुप्पट. अर्ध्याची दुप्पट एक, म्हणून परिबलही एक मॅग्नेटॉनच आले. दोन चुकांनी एकमेकींना झाकले आणि स्पिनचा सर्वांत थेट पुरावा तीनचार वर्षे भलत्याच सिद्धांताची बाजू मांडत राहिला. प्रयोगाचा निकाल स्वतःहून काहीच सांगत नाही, तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे आधी ठाऊक असावे लागते, याचे इतके ठळक उदाहरण भौतिकीच्या इतिहासात क्वचितच सापडते.

अर्ध्या अंकाला गाभ्यातून बाहेर काढले ते वोल्फगांग पाउलीने. व्हिएन्नात जन्मलेला, सॉमरफेल्डच्या हाताखाली तयार झालेला पाउली १९२२-२३मध्ये कोपनहेगनमध्ये याच विषयावर डोके फोडत होता. रस्त्यात भेटलेल्या एका सहकाऱ्याने तो इतका उदास का दिसतो असे विचारले, तेव्हा विषम झेमान परिणामाचा विचार करणारा माणूस आनंदी कसा दिसेल, असे उत्तर त्याने दिल्याचे त्यानेच नंतर लिहिले आहे. १९२४च्या अखेरीस हॅम्बर्गमध्ये त्याला वाट दिसली. गाभ्याला कोनीय संवेग असता, तर जड अणूंत सापेक्षतेच्या परिणामामुळे झेमान विभाजन अणुक्रमांकाबरोबर बदलले असते. तसे होताना दिसत नव्हते. म्हणजे भरलेल्या कवचांचा कोनीय संवेग शून्य आहे, आणि जो काही दुहेरीपणा आहे तो बाहेरच्या इलेक्ट्रॉनचा स्वतःचा आहे. जुन्या यामिकीच्या भाषेत वर्णन करता येणार नाही असा हा दुहेरीपणा आहे, एवढेच पाउलीने म्हटले. त्याचे चित्र काढायला त्याने नकार दिला.

त्याच सुमारास केंब्रिजच्या एडमंड स्टोनरने अणूच्या कवचांत इलेक्ट्रॉन कसे वाटले जातात याची नवी मांडणी प्रसिद्ध केली होती. पाउलीने ती स्वतःच्या चौथ्या अंकाशी, म्हणजे या दुहेरीपणासाठी घेतलेल्या चौथ्या पुंजांकाशी, जोडली आणि १९२५च्या सुरुवातीला एक नियम सांगितला. अणूतील कोणत्याही दोन इलेक्ट्रॉनांचे चारही पुंजांक सारखे असू शकत नाहीत. पहिला अंक कवच सांगतो, दुसरा आणि तिसरा मिळून त्या कवचातली जागा ठरवतात, आणि चौथ्याला दोनच मूल्ये आहेत. म्हणून एका जागेत फार तर दोन इलेक्ट्रॉन मावतात. कवचांची क्षमता २, ८, १८, ३२ अशी, म्हणजे पूर्णांकांच्या वर्गांच्या दुप्पट का येते, याचा उलगडा या एका वाक्यात झाला. रसायनशास्त्रज्ञ अर्धशतकाहून अधिक काळ जी आवर्तसारणी वापरत होते, तिच्या ओळींच्या लांबीमागचे कारण प्रथमच हाती आले. वर्गांची उपपत्ती तीन मितींतल्या गतीतून लागत होती. ती दुप्पट मात्र चौथ्या अंकाची होती, आणि तो अंक कशाचा आहे हे अजून कोणीच सांगितले नव्हते.

जानेवारी १९२५मध्ये राल्फ क्रोनिग नावाचा वीस वर्षांचा तरुण कोलंबिया विद्यापीठातून ट्युबिंगेनला लांडेकडे आला. लांडेने त्याला पाउलीचे ताजे पत्र वाचायला दिले. चौथा पुंजांक वाचताच क्रोनिगच्या मनात आले की इलेक्ट्रॉन स्वतःभोवती फिरत असावा. पृथ्वी सूर्याभोवती फिरता फिरता स्वतःभोवतीही फिरते, तसे. फिरणारा विद्युतभार म्हणजे एक चिमुकला चुंबक, आणि कक्षेत फिरताना त्याला अणुकेंद्राच्या विद्युतक्षेत्राचा काही भाग चुंबकीय क्षेत्रासारखा जाणवेल. त्या क्षेत्रात चुंबक एका बाजूने किंवा दुसऱ्या बाजूने उभा राहील, आणि ऊर्जेच्या दोन पातळ्या होतील. त्याच दुपारी त्याने गणित मांडले. अणुक्रमांकाशी असलेला संबंध अचूक आला. जोडीतले अंतर मात्र मापलेल्या अंतराच्या दुप्पट आले. दुसऱ्या दिवशी पाउली स्वतःच ट्युबिंगेनला आला. क्रोनिगची कल्पना त्याने ऐकली, हुशारीची म्हणून वाखाणली आणि वास्तवाशी तिचा काही संबंध नाही असे सांगून टाकली. पुढे कोपनहेगनमध्येही क्रोनिगला उत्तेजन मिळाले नाही. दुपटीची चूक त्यालाही सुटत नव्हती. त्याने लेख लिहिला नाही.

पाउलीचा आक्षेप पोकळ नव्हता, हे नोंदवायला हवे. इलेक्ट्रॉनला त्या वेळच्या समजुतीतली त्रिज्या दिली आणि त्याला हवा तेवढा कोनीय संवेग यावा असे म्हटले, तर त्याचा पृष्ठभाग प्रकाशापेक्षा कितीतरी पट वेगाने फिरावा लागतो. तरीही निर्णय क्रोनिगसाठी घातक ठरला, कारण चित्र चुकीचे असले तरी त्यातला अंक खरा होता, आणि पाउलीने चित्राबरोबर अंकालाही बाजूला सारले. हा अंक त्याचाच होता, हे लक्षात घेतले की तो नकार अधिकच खटकतो.

लायडेनमध्ये परिस्थिती वेगळी होती. पाउल एरेनफेस्टच्या दोन विद्यार्थ्यांपैकी सॅम्युएल गाउडस्मिट वर्णरेषांच्या जंगलात सहज वावरणारा, झेमानकडेही काम करणारा. बटाव्हियात जन्मलेला जॉर्ज उलेनबेक रोममध्ये डच राजदूताच्या मुलाची शिकवणी करून १९२५च्या उन्हाळ्यात परतला होता, आणि भौतिकी सोडून इतिहासाकडे वळावे का, या विचारात होता. एरेनफेस्टने गाउडस्मिटला सांगितले की याला वर्णपटशास्त्र शिकव. शिकवता शिकवता गाउडस्मिटने पाउलीचा चौथा अंक मांडला, त्याचे मूल्य नेहमी अधिक किंवा उणे अर्धे असते हे सांगितले. उलेनबेकला अभिजात भौतिकी चांगली येत होती, नव्या पुंजांकांचा सराव कमी होता. त्याने सरळ विचारले, प्रत्येक अंकामागे गतीची एक मोकळीक असते, तर मग या चौथ्यामागे कोणती? इलेक्ट्रॉन फिरत असला पाहिजे. पुढचे तपशील भराभर जुळले. फिरण्याचा संवेग अर्धा एकक, चुंबकीय परिबल मात्र पूर्ण एक मॅग्नेटॉन, म्हणजे नेहमीच्या प्रमाणाच्या दुप्पट. ही दुप्पट पृष्ठभागावर भार असलेल्या फिरत्या गोलाच्या गणितात माक्स आब्राहमला पूर्वीच मिळाली होती, हे एरेनफेस्टने दाखवून दिले.

एरेनफेस्टने त्यांना एक छोटे टिपण लिहायला लावले आणि लोरेन्ट्झचेही मत घ्यायला सांगितले. निवृत्त झालेला लोरेन्ट्झ आठवड्यातून एकदा लायडेनला येऊन व्याख्यान देत असे. काही दिवसांनी त्याने सुबक अक्षरात लिहिलेल्या गणिताचा गठ्ठाच उलेनबेकच्या हाती ठेवला. इलेक्ट्रॉनचा पृष्ठभाग प्रकाशाच्या सुमारे दहापट वेगाने फिरावा लागेल, असे त्यातून निघत होते. घाबरलेल्या उलेनबेकने टिपण मागे घेऊया म्हटले. ते आधीच पाठवून झाले होते. तुम्ही दोघे तरुण आहात, एखादा मूर्खपणा तुम्हाला परवडेल, अशा आशयाचे उत्तर एरेनफेस्टने दिल्याचे उलेनबेकने पुढे सांगितले. १७ ऑक्टोबर १९२५ ही तारीख असलेले ते टिपण २० नोव्हेंबरला ‘दी नाटुरविसेनशाफ्टन’मध्ये छापून आले. तेव्हा गाउडस्मिट तेवीस वर्षांचा आणि उलेनबेक चोवीस वर्षांचा होता. एकच कल्पना एकाच वर्षात दोन ठिकाणी सुचली; एका ठिकाणी ती दबली आणि दुसऱ्या ठिकाणी छापली गेली, याला बुद्धीतला फरक कारण नाही. फरक गुरूचा होता.

डिसेंबरात लोरेन्ट्झच्या डॉक्टरेटचा सुवर्णमहोत्सव होता. त्यासाठी बोर कोपनहेगनहून निघाला. हॅम्बर्ग स्थानकावर पाउली आणि स्टर्न त्याला गाठून स्पिनवर विश्वास ठेवू नकोस असे बजावून गेले. बोरलाही शंका होतीच. अणुकेंद्राभोवती विद्युतक्षेत्र असते, चुंबकीय क्षेत्र येते कुठून, असे त्याला वाटत होते. लायडेनला उतरताच एरेनफेस्टने त्याला आइन्स्टाइनचे उत्तर सांगितले. इलेक्ट्रॉनच्या बाजूने पाहिले तर अणुकेंद्रच त्याच्याभोवती फिरत असते, आणि फिरणारा विद्युतभार चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. सापेक्षतेचा हा साधा परिणाम होता. बोरचे मत तिथेच बदलले. परतीच्या वाटेवर ग्यॉटिंगेनला त्याने हायझेनबर्गला पटवले. बर्लिनला पाउली मुद्दाम हॅम्बर्गहून आला होता. तो बधला नाही.

हायझेनबर्गने गाउडस्मिटला आधीच पत्र लिहून विचारले होते की जोडीतले अंतर दुप्पट येण्याची अडचण कशी सोडवली. लायडेनच्या दोघांनी ती सोडवलेलीच नव्हती. तिची त्यांना जाणीवही नव्हती. ती सोडवली कोपनहेगनमध्ये आलेल्या बावीस वर्षांच्या ल्युएलिन थॉमसने. इलेक्ट्रॉनच्या बाजूने पाहणे ठीक, पण तो सरळ रेषेत जात नाही, सतत वळत असतो. वळणाऱ्या निरीक्षकाचे अक्ष सापेक्षतेच्या नियमांनुसार स्वतःच हळूहळू फिरतात. हे फिरणे मोजले तर स्पिन आणि कक्षा यांच्यातील आंतरक्रिया नेमकी निम्मी होते. एप्रिल १९२६मध्ये हे ‘नेचर’मध्ये आले. त्याआधीच, मार्चमध्ये, पाउलीने हार मानली होती. क्रोनिगच्या कागदावरची चूक त्याची नव्हतीच. सापेक्षतेचे एक सूक्ष्म पाऊल तेव्हाच्या सगळ्यांकडूनच राहून गेले होते.

याच महिन्यांत कक्षांचे जुने चित्र मोडले. हायझेनबर्ग आणि श्रोडिंगर यांच्या पुंजयामिकीत इलेक्ट्रॉनला आखीव वाट उरली नाही. तो कुठे सापडण्याची शक्यता किती, हे सांगणारे ऑर्बिटल त्या जागी आले. स्पिन त्यात सहज बसला आणि सोडियमचे कोडे अखेर सुटले. उत्तेजित सोडियमचा इलेक्ट्रॉन ३पी ऑर्बिटलमध्ये असतो. तिथे कक्षीय संवेग एक आणि स्पिन अर्धा. दोघांची बेरीज ३/२ होते किंवा १/२, आणि या दोन अवस्थांची ऊर्जा किंचित वेगळी असते. दोन्हींतून इलेक्ट्रॉन ३एसमध्ये उतरतो. तिथे कक्षीय संवेगच नसल्याने पातळी एकच, म्हणून रेषा दोन. चुंबक सुरू केला की ३/२ची पातळी चारांत, १/२ची दोनांत आणि खालची ३एसची दोनांत फुटते. परवानगी असलेल्या उड्या मोजल्या तर एका रेषेच्या सहा आणि दुसरीच्या चार होतात. प्रेस्टनच्या काळापासून अडलेला हिशेब असा तंतोतंत लागला. हायझेनबर्ग आणि पास्कुआल योर्डान यांनी १९२६मध्ये नव्या यामिकीतून तो पूर्ण करून दाखवला.

दोन इलेक्ट्रॉन एकत्र आले की स्पिन आणखी खोल परिणाम करतो. हेलियमच्या वर्णपटात रेषांचे दोन वेगळे संच आहेत. एका संचातली अवस्था दुसऱ्यात जवळजवळ उतरतच नाही, म्हणून १८९५च्या सुमारास हेलियम हे दोन वायूंचे मिश्रण असावे अशीही शंका घेतली गेली होती. १९२६मध्ये हायझेनबर्गने दाखवले की एका संचात दोन्ही स्पिन विरुद्ध असतात आणि दुसऱ्यात समांतर. पाउलीच्या नियमाचे व्यापक रूप असे की दोन इलेक्ट्रॉनांची अदलाबदल केली तर त्यांची अवस्था सांगणाऱ्या तरंगफलाचे चिन्ह उलटले पाहिजे. स्पिन समांतर असतील तर ही उलट अवकाशातल्या मांडणीला सोसावी लागते, आणि मग दोन इलेक्ट्रॉन एकाच ठिकाणी सापडण्याची शक्यता शून्य होते. ते एकमेकांना टाळतात, त्यांच्यातले प्रतिकर्षण कमी होते, ऊर्जा उतरते. यात स्पिनचे बल नगण्य आहे. काम करते ते नेहमीचे विद्युतबलच, पण इलेक्ट्रॉन कुठे असतील हे स्पिन ठरवतो.

फ्रीडरिख हुंडने वर्णपटांवरून काढलेला नियम याच्याशी जुळतो. समान ऊर्जेच्या ऑर्बिटलांत इलेक्ट्रॉन आधी एकेकटे, समांतर स्पिनने बसतात. जागा संपल्यावरच जोड्या होतात. नायट्रोजनच्या तीन २पी ऑर्बिटलांत म्हणूनच तीन सुटे इलेक्ट्रॉन असतात. क्रोमियमच्या अणूत असे सहा सुटे इलेक्ट्रॉन असतात. १९२७मध्ये वाल्टर हाइटलर आणि फ्रिट्झ लंडन यांनी हायड्रोजनच्या रेणूचा बंध विरुद्ध स्पिनच्या जोडीतून उभा केला आणि रसायनातल्या बंधाला पहिल्यांदा भौतिकीचा पाया मिळाला. १९२८मध्ये हायझेनबर्गने लोखंडाच्या चुंबकत्वाचे मूळ समांतर स्पिन राखण्याच्या याच प्रवृत्तीत दाखवले. द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो हे जेम्स ड्यूअरने १८९१मध्येच दाखवले होते. ऑक्सिजनच्या रेणूत समांतर स्पिनचे दोन सुटे इलेक्ट्रॉन असतात, हे त्याचे कारण लेनर्ड-जोन्सने १९२९मध्ये दिले.

फिरणाऱ्या गोळ्याचे चित्र मात्र याच वर्षांत मागे पडले. १९२७मध्ये पाउलीने दोन घटकांचे तरंगफल आणि दोन बाय दोनच्या तीन सारण्या घेऊन स्पिनचे गणित लिहिले. त्यात त्रिज्या नव्हती, पृष्ठभाग नव्हता, वेग नव्हता. स्पिनचा एकूण संवेग सुमारे ०.८७ एकक, पण कोणत्याही दिशेने मोजला तर तो अधिक किंवा उणे अर्धाच मिळतो. अवकाशात पूर्ण ३६० अंश फिरवल्यावर हे तरंगफल मूळ रूपात येत नाही, त्याचे चिन्ह बदलते. परत यायला ७२० अंश लागतात. असे वागणे कोणत्याही फिरणाऱ्या वस्तूचे नसते. स्पिन अजून गृहीतच धरलेला होता. १९२८च्या सुरुवातीला पॉल डिरॅकने सापेक्षता आणि पुंजयामिकी यांना एकत्र बांधणारे समीकरण लिहिले. स्पिन त्यात कोणी घातला नव्हता. अर्धा एकक संवेग आणि दुपटीचे चुंबकीय परिबल दोन्ही त्यातून आपोआप निघाले.

उलेनबेक आणि गाउडस्मिट १९२७मध्ये मिशिगन विद्यापीठात गेले. पाउलीला १९४५मध्ये नोबेल मिळाले, स्टर्नला १९४३चे. स्पिनच्या कल्पनेसाठी मात्र ते कोणालाच मिळाले नाही. जर्मन भौतिकी संस्थेचे माक्स प्लांक पदक १९६२मध्ये क्रोनिगला आणि १९६४मध्ये लायडेनच्या दोघांना देण्यात आले. डिरॅकच्या समीकरणातली दुप्पटही अगदी नेमकी दोन नाही, हे १९४७मध्ये कोलंबियात पॉलिकार्प कुश आणि हेन्री फोली यांच्या मापनांनी दाखवले. ती सुमारे २.००२३ आहे. पुढच्याच वर्षी ज्युलियन श्विंगरने त्या जादा अंशाचे गणित केले. इलेक्ट्रॉन स्वतःच्याच विद्युतचुंबकीय क्षेत्राशी जी आंतरक्रिया करतो, तिच्यामुळे तो जादा अंश येतो.